‘आणि इतर’मधला पदू

पदू धोंडी कोळंबे हा आमच्या दहिवलीचा एकमेव ध्वनिमुद्रित गायक होऊन गेला. पदू स्वतः अजून धडधाकट आहे, सकाळी दूध घालायला जाताना दिसतो. होऊन गेला तो गायक.

त्याच्या गाण्याला पंच्याऐंशी सालच्या लग्नसराईत कर्जतपासून खालापूरपर्यंत मांडव पुरले नाहीत. पनवेलच्या पुढे ते कुणी ऐकलं नाही आणि खंडाळ्याचा घाट काही त्याला चढवला नाही. त्या दशकात अशी गाणी पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखी उगवत. एका लग्नसराईत कर्ण्यावर, बेंजोवर, स्टँडजवळच्या हॉटेलात, पोराटोरांच्या तोंडी तेच, आणि पुढच्या लग्नसराईत कुणी विचारावं, ते कुठलं हो गाणं होतं? पदूच्या गाण्याचं नशीब मात्र थोडं वेगळं निघालं. गाणं राहिलं, पदू गळला. तो कसा गळला ते मी जवळून पाहिलं, कारण त्याचं घर आमच्या कुंपणाला लागून आणि त्याचा पहिला कर्णा आमच्या आंब्यावर.

पदूचा जन्म सत्तावन्नचा. बाप धोंडी भातशेती करणारा, अबोल माणूस. घरातला सगळा आवाज देवाने एकट्या पदूत भरला होता. लहानपणी तो माझ्याकडे इंग्रजी शिकायला येई, म्हणून मी त्याची कायमची ‘बाई’ झाले. इंग्रजी त्याला आलं नाही. ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ एवढं आलं आणि त्यावर त्याचा संसार चालला. विशीत त्याने ॲम्प्लिफायर, दोन कर्णे आणि एक माइक जमवला, दारावर पाटी लावली आणि चाचणीसाठी एक कर्णा आमच्या आंब्यावर बांधला, तोंड आमच्या स्वयंपाकघराकडे. त्या दिवसाच्या माझ्या रोजनिशीत एकच शब्द आहे : ‘भोंगा.’ आमच्या डॉक्टरांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, तक्रार केली तेव्हा तो म्हणाला, “डाक्टर, तुमच्या पेशंटांना तेवढीच करमनूक.”

कॉन्व्हेंटात सिस्टर एव्हलिननी मला चार वर्षं पियानो शिकवला. त्या जोरावर मी सांगते, पदूचा आवाज सुरात होता. तो कुठल्या सुरात होता हे त्याच्या पेटीवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही, एवढंच.

आता त्या गाण्याविषयी. आमच्या भागात हळदीला बायका जी गाणी म्हणतात, त्या गाण्यांना मोकळ्या जागा असतात. ज्या घरी हळद, त्या घरचा मामा, आत्या, गाव त्या जागी बसवायचं. गाणं तेच, माणसं दर मांडवाला नवी. कुणी राहिलं तर रुसतं, आणि मग त्याच्यासाठी तिथल्या तिथे एक कडवं जोडतात. पदूची चुलती अंबूबाई यात पटाईत होती. भांडण झालेल्या जावेलाही ती गाण्यात घेई, पण अशा शब्दांत, की जावेला रुसवा बरा वाटे.

पदूने अंबूबाईची चाल उचलली, तिला ढोलकी आणि बेंजो लावला आणि शब्द स्वतःचे घातले. अंबूबाईला विचारलं तर ती म्हणे, “चाल माज्या सासूची, ढोलकी भाड्याची. ह्याचं काय, तर बोंबलनं.” पण शब्द खरंच त्याचे होते, आणि चांगले होते :

पाव्हणं आलं कुठनं गं, पाव्हणं आलं कुठनं?
कशेळ्याचं पाव्हणं आलं, टेंपोमधी बसून.
पाव्हणं आलं कुठनं गं, पाव्हणं आलं कुठनं?
खोपोलीचं पाव्हणं आलं, कारखान्यातनं सुटून.

असं करत नेरळ, कडाव, चौक, वावोशी. शेवटचं कडवं त्याने कळंबसाठी केलं होतं, कारण त्याच हिवाळ्यात त्याचं कळंबच्या विठू मसण्यांच्या गोदूशी जमलं होतं :

कळंबचं पाव्हणं आलं, सोन्याची पोर देऊन.

साखरपुड्याला त्याने स्वतःच्याच माइकवर हे गाणं म्हटलं. विठू मसण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं कळंब खूश झालं. पदूने तिथेच जाहीर केलं, “मामा, ह्या गान्याची कॅसेट निघनार हाय. दादरला. कळंब शेवटाला ठेवलंय, जेवनातल्या गोडावानी.”

कॅसेट निघणार होती हे खरं होतं. दादरची एक कंपनी हळदीच्या गाण्यांची कॅसेट काढत होती आणि तिला दुसऱ्या बाजूच्या शेवटाला भरायला एक गाणं कमी पडत होतं. ती जागा पदूला मिळाली. तो नवा सफारी शिवून, केसांना तेल चोपडून दादरला गेला. परत आला तो सफारीसकट गप्प.

दादरला काय झालं ते मला फार नंतर कळलं, पण इथेच सांगते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाने घड्याळ बघून सांगितलं, “गाणं लांब होतंय. एक कडवं काढा.” पदूने विचारलं, “आनि कव्हरवर माजं नाव कसं लिवनार? पदू का पद्माकर?” तो माणूस म्हणाला, “कव्हरवर मोठ्या तिघांची नावं आहेत. तुमचं ‘आणि इतर’मध्ये येईल.”

आयुष्यभर लोक त्याला ‘कर्णेवाला’ म्हणत आले होते. कॅसेट निघाली की लोक गायक म्हणतील, या आशेवर सफारी शिवला होता. आता कव्हरवर जागा नाही म्हटल्यावर नावाला जागा उरली फक्त गाण्यात. त्याने वावोशी काढलं नाही, कारण तिथे त्याचं गिऱ्हाईक होतं. कडाव काढलं नाही, तिथे आत्या दिलेली. त्याने शेवटचं कडवंच बदललं. कळंब सवालासकट काढून तिथे एकच ओळ घातली, ती टेपमध्ये बसली :

दहिवलीचा पदू म्हणे, राहा दोन दिस अजून.

तसं पाहिलं तर ओळ अगत्याची आहे. पाहुण्यांना राहायला सांगितलंय. पण सासरा उठवून त्याच्या पाटावर आपण बसायचं, आणि मग सगळ्यांना सांगायचं की राहा, यात अगत्य कितीसं उरतं?

कॅसेट कर्जतच्या बाजारात आली. कव्हरवर कुठल्या तरी परमुलखातली नवरी, मागे बर्फाचा डोंगर, खाली तीन ठळक नावं आणि मुंगीएवढ्या अक्षरांत ‘आणि इतर’. पहिल्या बाजूची मोठ्यांची गाणी कुणी ऐकेना. लोक कॅसेट उलटी करून शेवटपर्यंत पळवत आणि पदूचं गाणं लावत, कारण त्यात आपलं गाव होतं. कशेळ्यात ते दिवसभर वाजे. पाव्हणं आलं कुठनं, हा सवालच असा होता की ऐकणाऱ्याला उत्तर द्यावंसं वाटे.

दहिवलीने मात्र कव्हर वाचलं. पदू रस्त्याने निघाला की टपरीवरून हाक येई, “काय रं इतर, चा घेतूस का?” गजा न्हावी तर दाढी करताना विचारी, “आदी मोठ्या तिघांची करू, का इतरांची?”

पदू म्हणे, “गानं ऐका. गान्यात नाव हाय माजं.”

“कोन बी पदू आसंल. दहिवलीत पदू काय एकच हाय?”

आणि कळंबनेही गाणं ऐकलं. त्यांनी जेवणातल्या गोडाची वाट पाहिली आणि कॅसेट खटकन बंद पडली.

निरोप आला : लग्न राहू द्या, आधी येऊन तोंड दाखवा.

पदू माझ्याकडे आला. “बाई, तुमी चला माज्यासंगं. सांगायचं, मशीननं टेप खाल्ली. तुमी कानवेंटच्या. तुमचं खोटं कुनाला खोटं वाटनार नाय.”

मी जायला तयार झाले. खोटं बोलायला नव्हे; हा माणूस कसा सुटतो ते बघायला.

विठू मसण्यांनी मला पाट दिला, पदूला दिला नाही. विठूंची आई गौराबाई ओटीच्या कोपऱ्यात सुपारी कातरत बसली होती. चहा आला तो एकच कप. विठू म्हणाले, “जावयाला चा द्यायचा का नाय, त्ये अजून ठरलं नाय.”

पदू म्हणाला, “मामा, माजी चूक नाय. मशीननं खाल्लं. टेप गुंडाळली.”

“मशीननं नेमकं आमचंच गाव खाल्लं? कशेळं नाय खाल्लं, नेरळ नाय खाल्लं. कळंबच गोड लागलं व्हय रं त्याला?”

गौराबाई अडकित्ता न थांबवता म्हणाली, “बाजारात मासळीवाली मला इचारते, आजे, तुमचं पाव्हणं आलं कुठनं गं? तुमचं गाव हाय का बुडालं? काय सांगू रं तिला? मशीनच्या पोटात हाय म्हनू?”

तेवढ्यात माजघराच्या दारातून गोदू बोलली. तोवर मी तिला साखरपुड्यात मान खाली घातलेली पाहिली होती. आता मान वर होती. उंच, सावळी, सातवी शिकलेली. हातात टेपरेकॉर्डर होता. तिने तो ओटीवर ठेवला आणि शेवटचं कडवं लावलं. दहिवलीचा पदू म्हणे, राहा दोन दिस अजून. खट्.

“खाल्लं म्हनता, तर तिथं भोक पडाय पायजे,” गोदू म्हणाली. “भोक कुठं हाय? तिथं तर दहिवलीचा पदू बसलाय. साखरपुड्याला गायलात तवा ह्यो पदू गान्यात नव्हता. ह्याला जागा कुनी दिली?”

पदूने माझ्याकडे पाहिलं. “बाई, सांगा ना.”

मी चहा पीत होते. चहा चांगला होता, गवती चहा घातलेला.

विठू उठून उभे राहिले. “म्हंजे आमाला काढून ह्यो सोता बसला! लगीन मोडलं! उचल रं तुजा साखरपुडा!”

“बाबा, थांबा,” गोदू म्हणाली. “मोडून काय हुईल? गानं तर वाजतच ऱ्हानार. कळंबची पोरगी बी गेली आनि कळंब बी गेलं, आसं हुईल.” मग ती पदूकडे वळली. “वरात घेऊन याल तवा वेशीवर थांबायचं. समद्या गावासमोर माईकवर गानं म्हनायचं. शेवटाला कळंब. दहिवलीचा पदू काढायचा.”

“पन त्ये माजं नाव हाय!”

“आनि ह्ये माजं गाव हाय.”

“दोनी ठिवतो ना. आदी कळंब, मग मी.”

“मशीननं दोनी ठिवलं नाय ना? मी बी नाय ठिवनार. नाव पायजे का नवरी पायजे, त्ये घरी जाऊन ठरवा.”

गौराबाईचा अडकित्ता जरा जोरात वाजला, आणि मी पाहिलं, म्हातारी हसत होती.

परतीच्या एस.टी.त पदू माझ्या मागच्या बाकावर कपाळ दांडीला टेकून बसला होता. कडाव ओलांडताना बाहेर कुठल्याशा मांडवात त्याचंच गाणं वाजत होतं. “ऐकलंत, बाई? आता एवढ्यात नाव येईल,” तो म्हणाला. एस.टी. पुढे निघून गेली आणि नाव काही आलं नाही.

पुढचे दिवस त्याने घरोघर सल्ला मागण्यात घालवले. अंबूबाई म्हणाली, “नावाला काय चुलीत घालतूस? चुलीपाशी बसाय बायको लागते.” बाप धोंडीने मांडवासाठी मेढी तोडायला घेतल्या. आमच्या डॉक्टरांनी पदूला रक्तदाबाची गोळी दिली. मला त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, “कळंब म्हण आणि मोकळा हो.” तो हो म्हणाला, पण मला त्याचा तो चेहरा ओळखीचा होता. स्पेलिंग चुकवून ‘बरोबर म्हटलं’ असं सांगतानाचा तो चेहरा होता. जाता जाता म्हणालाच, “बाई, काय झालं तरी माईक माजाच हाय.”

वैशाखात वरात निघाली. स्वतःच्या लग्नाला दुसऱ्याचा कर्णा लावणं पदूला कमीपणाचं वाटलं, म्हणून त्याने आपलेच कर्णे आदल्या दिवशी कळंबला पाठवले होते : एक वेशीवरच्या मारुतीच्या देवळावर, दुसरा नवरीच्या घरापर्यंत तार ओढून तिच्या मांडवात. गाणं गोदूला ऐकू जावं, अशी अटच होती. आम्ही दोन टेंपो भरून गेलो. पदू मुंडावळ्या बांधून, गळ्यात नोटांची माळ, हातात माइक. नवऱ्याच्या हातात कट्यार असते. याच्या हातात माइक होता, आणि त्याने तो धरलाही होता कट्यारीसारखाच.

वेशीवर कळंबच्या बायका रस्ता अडवून उभ्या होत्या, पुढे गौराबाई. विठू पानसुपारीचं तबक घेऊन थांबले, पण तबक पुढे करीनात. “आदी गानं,” ते म्हणाले.

बेंजो सुरू झाला. पदू गायला, आणि बरं गायला, हे मी मान्य करते. कशेळं आलं, खोपोली आली, नेरळ आलं. प्रत्येक सवाल बायका विचारत : पाव्हणं आलं कुठनं गं? आणि तो उत्तर देई. मग शेवटचा सवाल आला. पदूने डोळे मिटले आणि म्हटलं :

कळंबचं पाव्हणं आलं, सोन्याची पोर देऊन.

एकच गलका झाला. विठूंनी तबक उचललं. इथे पदूने माइक खाली ठेवला असता, तर ही हकीकत इथेच संपली असती. पण त्याने श्वास घेतला. मी त्याला ओळखत होते. त्याने बेंजोवाल्याला डोळ्याने खुणावलं आणि सुरू केलं, “दहिवलीचा प—”

त्या ‘प’वर गौराबाईने टाळी दिली. सगळ्या बायका एका दमात उसळल्या. पन्नास-साठ गळे होते. दोन कर्ण्यांचं त्यांच्यापुढे काही चाललं नाही.

पाव्हणं आलं कुठनं गं, पाव्हणं आलं कुठनं?
दहिवलीचं पाव्हणं आलं, कर्णा गळ्यात बांधून!

आणि पुन्हा, आणि पुन्हा. बायका दोन्ही हातांनी गळ्यापाशी कर्णा धरल्याची खूण करून नाचायला लागल्या. बेंजोवाला भाड्याचा, त्याला काय. तो त्यांच्यामागे गेला. आमच्याकडच्या बायकाही सामील झाल्या, त्यात अंबूबाई पहिली. पदूचं तोंड माइकसमोर उघडंच राहिलं आणि माइकने इमानाने बायकांचाच आवाज उचलून नवरीच्या मांडवात पोचवला.

मी नंतर गौराबाईला विचारलं, हे कडवं तिथेच सुचलं का? ती म्हणाली, “कशाचं, बाई! पोरीनं आठ दिस घोकून घेतलं आमच्याकडनं. म्हनली, त्यो नावावर जानारच हाय. ‘प’ म्हनला की सोडायचा नाय.”

लग्न लागलं. दिवेलागणीला नवरी दहिवलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. माप ओलांडण्याआधी नाव घ्यायचं होतं. पदूच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा रंग आला. नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय तर नवरी आत येऊ शकत नाही! कॅसेटवर नाही, कव्हरवर नाही, वेशीवर नाही. पण इथे त्याचं नाव घ्यावंच लागणार होतं. त्याने स्वतः माइक आणून गोदूच्या तोंडाशी धरला. आमच्या आंब्यावर परत बांधलेला कर्णा घरघरला. गोदू म्हणाली :

“चांदीच्या ताटात तांदळाची भाकरी...”

आणि वीज गेली.

ती थांबली नाही. अंधारात, माइकशिवाय, साध्या आवाजात तिने पुरं केलं, “पदूरावांचं नाव घेते, कर्ण्याची त्यांना चाकरी.” उंबऱ्याजवळच्या आम्ही पाच-सहा बायकांनी ते ऐकलं. ती माप ओलांडून आत गेली.

पदू अंधारात म्हणाला, “थांब गं. वीज आली की परत घे.”

आतून उत्तर आलं, “एकदा घेतलंय.”

कॅसेट पुढच्या वर्षी बाजारातून गेली. कंपनीने त्या बर्फाच्या डोंगराखाली भजनं घातली, असं कुणी सांगितलं. मोठ्या तिघांपैकी एकाचंही गाणं आज इथे कुणाला आठवत नाही. पदूचं राहिलं, पण कळंबच्या बायकांच्या तोंडून सुटलेलं. ज्याच्या त्याच्या मांडवात जो तो आपलं गाव घाली, आणि शेवटी मात्र सगळीकडे दहिवलीचं पाव्हणं येई, कर्णा गळ्यात बांधून, नाचासकट. वावोशीच्या पुढे तर दहिवली कुठे आहे हेही बायकांना माहीत नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी साली चौकला एका ओळखीच्या हळदीला गेले, तर कर्णा पदूचाच होता. गोदूही आली होती, कडेवर मुलगी. अंगणात बायका ते कडवं म्हणत घुमत होत्या. गाणं संपल्यावर पदू त्यांच्यापाशी गेला. सफारी तोच होता, पोटावर तटलेला.

“मावशे, ह्ये गानं माजं हाय,” तो पुढच्या म्हातारीला म्हणाला.

म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुजं? आमच्या आजीचं हाय त्ये.”

“आगं, कॅसेट हाय माजी! शेवटाला नाव हुतं. दहिवलीचा पदू म्हणे...”

“आसलं काय नाय त्यात,” दुसरी म्हणाली. “शेवटाला कर्णा हाय. लाज नाय वाटत रं, आजीचं गानं चोरतूस? जा, आवाज वाढीव जरा. मागं ऐकू येत नाय.”

पदूने गोदूकडे पाहिलं. एवढ्या सगळ्यांत साक्ष देऊ शकतील अशा आम्ही दोघीच होतो, आणि माझा अनुभव त्याला कळंबच्या ओटीवर आला होता. गोदूने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, “मावशी सांगते त्ये खरं हाय. मागं खरंच ऐकू येत नाय.”

तो ॲम्प्लिफायरपाशी गेला आणि त्याने बटण फिरवलं. बायकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटच्या कडव्याला गोदू मुलीचे दोन्ही हात तिच्या गळ्यापाशी धरून कर्ण्याची खूण शिकवत होती. मुलगी चटकन शिकली. आवाज तिने बापाचा घेतला आहे.